धडा

कराडला मंडईमागे आमचं तेलाचं दुकान.
गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन यायचं:
चेपलेली कासंडी, सुतळी बांधलेला डबा,
एकदा तर खोकल्याच्या औषधाची बाटली.
आप्पा ते रिकामंच पारड्यात ठेवायचे,
दुसऱ्या पारड्यात एकेक खडा टाकत जायचे.
काटा मधोमध थांबला की म्हणायचे,
"झाला धडा. आता ओतू."
रिकाम्यालाही वजन असतं,
एवढंच त्यांचं शास्त्र.

बाल्टिमोरमध्ये मी तेच करते.
दुर्बीण वर, हवेच्याही पलीकडे.
मी तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटर रात्रभर ठकठकतो त्या खोलीत,
आणि पडद्यावर तिनं धाडलेले करडे चौकोन.
आधी निवडणं.
वैश्विक किरणांचे ओरखडे काढायचे,
तापट पिक्सेल काढायचे,
दर फोटोत त्याच जागी हटून बसलेले.
मग ताऱ्याभोवती वर्तुळ, आतला उजेड सगळा गोळा.
त्याबाहेर एक कडं, तिथं नुसतं आकाश.
कड्यातलं आकाश वर्तुळातून वजा.
झाला धडा.

तारा क्रमांक बावीसशे सात
पंधरा दिवस मंदावत होता.
प्रतीचा हिशेब उलटा, आकडा चढला की तेज उतरलं.
हे आप्पांना फोनवर समजावताना
माझी दहा मिनिटं गेली.
"म्हणजे वर्गातल्या नंबरासारखं," ते म्हणाले,
"त्यात काय एवढं?"

अठरा पूर्णांक चार एक.
चार दोन.
चार चार.
आलेखावर ठिपके जिना उतरत होते
आणि मी खूश होते.
विझणाऱ्या ताऱ्यावर खूश होणं
आमच्या धंद्यात चालतं.

ओडेल कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला.
बराच वेळ काही बोलला नाही. मग,
"कड्यात काय आहे?"
"आकाश."
"बघितलंस?"

नव्हतं बघितलं.
मोठं करून पाहिलं तर कड्याच्या आतच
एक ठिपका. मागच्या महिन्यात जवळजवळ नव्हता,
आता रोज गुंजभर वाढणारा.
सरासरीत तो आकाश म्हणून खपत होता,
आणि त्याचं तेज मी दर रात्री
बावीसशे सातच्या पदरातून कापत होते.
तो मंदावला नव्हताच.
माझा धडा जड झाला होता.

सरासरी काढली, मध्यक घातला.
ठिपके पुन्हा एका ओळीत, शहाण्या मुलांसारखे.
माझा शोध गेला, त्याच्या जागी दुसरा आला,
ज्याला मी पंधरा दिवस काहीच नाही असं मोजलं होतं.
ओडेल म्हणाला, "अभिनंदन."
थट्टा होती का, कळलं नाही.

सकाळी बसमधून उतरले.
फूटपाथवर बर्फासाठी टाकलेलं मीठ.
समोरच्या घरातली मिस लोरेटा
आपल्या तीन संगमरवरी पायऱ्या
गुडघ्यावर बसून ब्रशनं घासत होती,
या थंडीत, उघड्या हातांनी.
तीन वर्षं आमची नुसती मान हलते.
"आज चाळीस मिनिटं उशीर," ती म्हणाली,
वर न बघता.

मी किल्ली हातात धरून उभी राहिले.

रात्री आप्पांना सगळं सांगितलं.
दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली,
तराजू भंगारात गेला,
खडे मात्र बिस्किटांच्या डब्यात आहेत, म्हणतात.
"मग या नव्याचा धडा कशानं करणार?"

लगेच उत्तर सुचलं नाही.
दुसऱ्या दिवशी नव्या ताऱ्याभोवती वर्तुळ काढलं,
वर्तुळाबाहेर कडं.
कड्यात, डाव्या अंगाला,
बावीसशे सात.